धक्का स्टार्ट

चौऱ्याऐंशी साली नवी छोटी गाडी नागपुरात दिसायला लागली, तशी शालिकरामजींनी घरची जुनी मोटार विकायला काढली. पण मोटार सासऱ्यांनी लेकीच्या नावावर दिलेली. म्हणजे सही भागीरथाबाईंची. आणि बाई म्हणाल्या, "नाही करत."

"अवं, गिऱ्हाईक दारात उभं हाये! वीस वर्सं झाली, रोज सकाळी मी धक्का मारून राहिलो. कंबर गेली माही. सारं सक्करदरा मले पाहून घड्याळ लावते!"

"लावू द्या."

"नवी गाडी चाबी फिरवली का सुरू होते. धक्का मारायचं कामच नाही."

"म्हणूनच त नको."

शालिकरामजींनी कागदावर पेन आपटला. "काहून पण? धक्का मारतो मी, अन् तुले काहून एवढा पुळका?"

भागीरथाबाईंनी पदर खोचला, मोटारीत जाऊन बसल्या आणि आरशात कुंकू नीट केलं.

"अजी, तुमी मागून धक्का मारता, म्हणून त स्टेरिंग माह्या हातात येते. नव्या गाडीत मले कोन देते? चला, मारा धक्का."