जादा तास

उन्हाळा लागला की अमेरिकेचं सरकार माणशी एक तास उचलून नेतं आणि दिवाळीच्या सुमाराला जसाच्या तसा परत करतं, असं जीवराम आबांनी ओट्यावरून जाहीर केलं. बठ्ठ्या, अगदी सगळ्याच्या सगळ्या देशानं घड्याळाचा काटा मागं सारायचा, की झालं. तिथले कोंबडेसुद्धा हुकूम आल्याशिवाय आरवत नाहीत, अशी पुस्तीही जोडली.

शेजारच्या झुंबरबाई अंगणात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरिताची वांगी भाजत होत्या. एक वांगं उलटवून त्यांनी विचारलं, की त्या परत मिळालेल्या तासाचं माणसं करतात तरी काय.

आबांना यात विचारण्यासारखं काही दिसेना. वीज तासभर जादा राहिली, तर आपली केळी भिजवून झाल्यावर माणूस शेजाऱ्याच्या सुकल्या वावरात पाणी सोडतो. त्यांचा मुलगा ललित अमेरिकेत असला तरी पोरगा चोपड्याकडचाच. दर रविवारी त्याचा फोन येई आणि आबांचा चहा निवायच्या आत संपे. तिकडे सकाळची घाई. आज कसली घाई? आजच तर काटा मागं गेला होता.

"अक्का, जेवाले मनी वाट देखू नका. आज बठ्ठा तास मना शे," म्हणत आबा आत गेले. दारही ओढून घेतलं.

फोन आला. आबांनी विहिरीच्या मोटारीपासून सुरुवात केली. ती अजून विहिरीतच होती, तेवढ्यात ललित म्हणाला, की गाडी काढतोय, पुढच्या रविवारी सविस्तर बोलू.

"आन तो जादा तास रे, भो?"

"तो होय? झोपलो ना, आबा. मस्त झोप झाली."

"बेस करं," आबा म्हणाले.

बाहेर भरिताला फोडणी बसली. शेजारची मंडळी पानांवर बसल्याचे आवाज आले. आबांना भूक लागली होती. ते उठले, दारापर्यंत गेले, कडीला हात लावला आणि परत येऊन खाटेवर बसले.

बऱ्याच वेळानं झुंबरबाईंनी दाराशी येऊन हाक दिली, "आबा, भरीत निवी गयं."

आबांनी विझलेला फोन कानाला लावला. मग दार थोडं किलकिलं केलं आणि हळूच म्हणाले,

"थांबा, अक्का. पोऱ्या ठेवूच देत नही."