चंद्रिकाबाईंचं सुतक

“लेकरू माझ्याकडं देऊ नगंस,” रिक्षात बसता बसता वच्छला म्हणाली. “सुतक हाय मला.”

आरोहीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सासूबाईंशी वाद घालून ती थकली होती.

शेजारच्या कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलं होतं, की एके काळी मेळे, वराती आणि रेडिओ गाजवणाऱ्या चंद्रिकाबाई गेल्या. बातमी धडधडीत खोटी होती. पण वच्छलाने डोक्यावरून अंघोळ केली, गोड सोडलं, जेवण निम्म्यावर आणलं. बाळ रडून लालबुंद झालं तरी हात पुढे केला नाही. एरवी त्याला मांडीवरून खाली ठेवायला तिला सांगावं लागायचं.

“आई, सुतक नात्यातल्या माणसाचं असतं.”

“जन्म गेला, कानात त्यांचंच गाणं हाय. आनि नातं कसलं असतंय?”

हल्ली वच्छलाच्या डोक्यातून बरंच काही निसटलं होतं. अभिमन्यूला, पोटच्या पोराला, ती मधूनच ‘दादा’ म्हणायची. चंद्रिकाबाईंची गाणी मात्र एकूण एक पाठ. आरोहीने जुन्या रेकॉर्डच्या पाकिटावरचा फोटो दाखवला, तेव्हा त्यावरून बोटं फिरवत ती म्हणाली होती, “किती गोड दिसत्यात बाई. आन गेल्या.”

“गेल्या नाहीत, आई. जित्या आहेत.”

“मग दाव मला. डोळ्यांनी बघीन, कानांनी ऐकीन, मग सुतक सोडीन.”

म्हणून आज ही रिक्षा. नबीसाब खड्डे चुकवत इतक्या हळू चालवत होते, की मागचे हॉर्न वाजवून वैतागले.

“चाचा, जरा लवकर.”

“बच्चा हाय ना, बेटी,” म्हणत त्यांनी आरशातून पुन्हा एकदा मागे पाहिलं.

अशोक चौकामागच्या गल्लीत रिक्षा थांबली. शेजारचे यंत्रमाग खडखडत होते. दार उघडलं ते हिरव्या इरकली लुगड्यातल्या एका म्हातारीने. काल आरोही एकटी येऊन तिला हात जोडून गेली होती. एकदाच, फक्त एक कडवं.

“अय्यो, त्यांच्यासमोर मी गाऊ?” तेव्हा म्हातारीने पदर तोंडाला लावला होता. “जीभ टाळूला चिकटंल गं माझी.”

“माझ्या बाळासाठी, मावशी.”

“बर्री, आत या,” आज ती एवढंच म्हणाली.

खोली लख्ख आवरलेली. समोरच्या भिंतीवर एक मोकळा खिळा आणि त्याखाली रंग न उडालेला चौकोन. आरोहीने पटकन मधे उभं राहून तो झाकला.

वच्छला म्हातारीकडे बघत राहिली. बघतच राहिली.

“बदललात, बाई.”

आरोहीने म्हातारीला डोळ्यांनी खुणावलं.

“वय झालं की हो,” म्हातारी कशीबशी म्हणाली.

“व्हय. तोंड बदलतंय माणसाचं. गळा कुटं बदलतोय? गावा.”

म्हातारीने कमरेची गाठ सोडली, खडीसाखरेचा खडा काढला आणि वच्छलाच्या तळहातावर ठेवला. मग एकदम चमकून आरोहीकडे पाहिलं. गाणार होती ती स्वतः, आणि गळ्यासाठीची साखर दिली समोरच्याला. वच्छलाने खडा तोंडात टाकला.

म्हातारीने डोळे मिटले.

“उन्हाची ओटी भरून आणली, सावली कुणाला देऊ गं…”

आवाज घोगरा. सूर खाली घसरला, दुसऱ्या ओळीवर अडला, थांबला. बाळ चुळबुळलं. संपलं सगळं, आरोहीच्या मनात आलं. आता हे सुतक जन्माचं.

“हितं दम घ्यायचा न्हाय,” वच्छला शांतपणे म्हणाली. तिचा हात गुडघ्यावर ताल धरत होता. “सावली अशी मधीच तोडू नये. पुरी करायची, मग दम. गावा पुन्यांदा.”

म्हातारीने तसंच घेतलं. या वेळी ओळ पार गेली. पुढचं कडवं तिने डोळ्यांतल्या पाण्यासकट गायलं, आणि वच्छला ओठांत गुणगुणत राहिली.

गाणं संपलं. मागांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

“गळा बसलाय,” वच्छला म्हणाली. “पर जीव हाय. बाई हायत!” ती वळली आणि दोन्ही हात पसरले. “आण त्या लेकराला हिकडं. रडवून रडवून पार सुकवलंस की त्याला.”

“मी रडवलं?” आरोहीला हसू आवरेना. बाळ आजीच्या कुशीत शिरलं, तशी ती भिंतीला टेकून उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे हलके झाले.

निघताना वच्छला उंबऱ्यात थबकली.

“एक इचारू, बाई? मैंदर्गीची एक पोरगी यायची. गुरम्मा. कुटंबी कार्यक्रम असू दे, पडद्यामागं येऊन हातावर खडीसाखर ठेवायची. हाय का कुटं ती?”

म्हातारीने चौकट घट्ट धरली. “हाय. बरी हाय.”

“भेटली तर सांगा तिला. साखर पुरली म्हणावं.”

वच्छला बाळाला घेऊन रिक्षात बसली. नबीसाबांनी उतरून तिच्या पायांजवळचा पदर चाकापासून सावरला. बाळाचं टोपडं आत राहिलं होतं, म्हणून आरोही धावत मागे गेली.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून उभी होती. सकाळी उतरवलेला फोटो तिने पुन्हा खिळ्याला लावला होता. माइकसमोर उभी तरुण वच्छला, आणि खाली ठळक अक्षरांत नाव: चंद्रिका.

“सवताचं नाव न्हाय ऱ्हायलं त्यांच्या ध्यानात,” गुरम्मा डोळे पुसत म्हणाली, “पर माझं हाय की गं.”