काळी खिडकी

"मंगळ आहे. मी नाही म्हटलं, तुह्याच मशीननं सांगितलं." रविंद्रच्या आईनं, कांताबाईंनी पिशवी उचलली.

नागपुरात कॉम्प्युटर तेव्हा नवा होता आणि सदर भागातल्या दुकानात त्याला पत्रिका पाहायला शिकवलं होतं ते रविंद्रनंच. पडद्यावर रंगीत चौकट, वर गणपती, खाली निकाल. अर्ध्या शहराचे भटजीसुद्धा म्हणे मागच्या दारानं येऊन त्याचा कौल घ्यायचे! आणि आज त्याच चौकटीनं भागीरथा या मुलीच्या नावापुढं लालभडक मंगळ काढला होता. रविंद्रला लग्न करायचं होतं ते भागीरथाशीच. तिची आई वच्छलाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

"आई, थांब ना वं. आतमंदी काय होऊन राहिलं ते तरी पाह्य."

त्यानं दोन कळा दाबल्या. चौकटीशेजारी एक काळी खिडकी उघडली. चूक शोधायला म्हणून त्यानं ती स्वतःपुरती ठेवली होती, गिऱ्हाइकाला कधी दाखवली नव्हती. रंगीत चौकटीत मशीन कीर्तनकाराच्या थाटात बोलायचं. इथं मनातलं पुटपुटायचं. पांढऱ्या ओळी सरकू लागल्या. त्यातली एक थांबवून रविंद्रनं बोट ठेवलं.

'जन्मवेळ समजली नाही. मध्यरात्र धरून राहिलो.'

कांताबाईंनी चष्मा लावला. "काहून गा? मध्यरात्र कोणं सांगितली याले?"

"कोणीच नाही. वेळ आकड्यात नसली का ते मध्यरात्र धरते. मीच तसं शिकवलं त्याले."

"आम्ही तं सकाळचा भोंगा म्हणून सांगितलं होतं," वच्छलाबाई पुढं सरकल्या. "घरात घड्याळ कुठी होतं? गिरणीचा भोंगा वाजला अन् पोरगी रडली."

रविंद्रनं भोंग्याची वेळ आकड्यात टाकली. लाल अक्षरं गेली. मंगळ पुसला गेला. वच्छलाबाईंनी गणपती सोडून त्या काळ्या खिडकीलाच हात जोडले.

कांताबाईंनी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि लेकराच्या तोंडावरून फिरवावा तसा पडद्यावरून हात फिरवला.

"लय भलं केलं रे बाप्पा. आता माही पत्रिका टाक," त्या म्हणाल्या. "माह्या मंगळानं तुह्या बाबाले खाल्लं, हे ऐकता ऐकता म्हातारी झाली मी. माह्या जन्माच्या वक्ताले तं खेड्यात भोंगाबी नव्हता."