शेल्फवरचा घसा

दुकानदाराने स्पीकरची जाळी उघडून आतला गुलाबी, ओला घसा दाखवला. "खऱ्या माणसाच्या पेशींपासून वाढवलाय, वहिनी. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्यायच्या, बस्स."

शर्वाणी एक पाऊल मागे सरकली. हॉलमधल्या होम थिएटरसाठी तिला दोन कोरडी लाकडी खोकी हवी होती. अकरा वर्षं सासऱ्यांचा, नानांचा, कफ पुसून, ते गेल्यावर तिने त्यांची पिकदाणी स्वतःच्या हाताने भंगारात दिली होती.

"साधे नाहीत?"

"साधे आता बनतच नाहीत."

नवऱ्याने, हेरंबने, चाचणीला एक मारामारीचा सिनेमा लावला. पहिला ठोसा बसायच्या आत डावा स्पीकर खाकरला, दोनदा लांब आणि एकदा आखूड.

"अगं, हे तर आपले नाना," हेरंबचे डोळे भरून आले.

"देणगीदाराचं नाव आम्ही सांगत नसतो," दुकानदार म्हणाला, "पण हो, किर्पेकर नानाच. मिशीवाले."

"आवाज कमी करा," स्पीकर म्हणाला.

हेरंब रडतच हसला. जाळीतून एक चिकट ओघळ शेल्फवर उतरला. शर्वाणीने तोंड फिरवलं, पण हाताने सवयीने रुमाल काढून तो पुसलाही.

"घरी कधी पाठवू?" दुकानदाराने तिलाच विचारलं.