दोनदा वाजलेला दीड

"टेस्ट बंद कर, सोनम. तिसऱ्यांदा सांगतोय," रणजीत म्हणाला.

शुक्रवारची दुपार होती. महाप्याच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत सगळ्यांनी माना वर केल्या. सोनमच्या स्क्रीनवर कोड तपासणाऱ्या सहा टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाल्या होत्या.

"सर, टेस्ट बरोबर आहेत. आपला कोड चुकतोय."

"दर नोव्हेंबरात होतं हे. अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात, टेस्ट लाल होतात, सोमवारी आपोआप हिरव्या. चार वर्षं बघतोय मी."

ती चार वर्षं त्यांचं सॉफ्टवेअर फक्त दिवसा चालणाऱ्या दवाखान्यांत होतं. या जूनपासून ते ओहायोतल्या एका मोठ्या रुग्णालयात लागलं होतं. कुठल्या पेशंटला किती वाजता कुठलं औषध द्यायचं, हे नर्सच्या हातातल्या यंत्रावर तेच दाखवायचं. आणि या रविवारी तिथं रात्री दोन वाजता घड्याळ परत एकवर येणार होतं. म्हणजे दीड दोनदा वाजणार होता.

"दीडचं इंजेक्शन दोनदा दाखवेल, सर. रक्त पातळ करायचं औषध आहे. माणूस जाईल. मला दोन दिवस द्या, दुरुस्त करते."

"नव्या आवृत्तीचं रिलीज आजच जाणार. उगाच टेन्शन देऊ नकोस."

सोनमची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. जुईनगरच्या सोसायटीत तिचे वडील, धम्मपाल, भेटेल त्याला सांगत होते की पोरगी पुढच्या महिन्यात पर्मनंट होतेय. तरीही संध्याकाळी तिनं रुग्णालयाच्या मुख्य नर्सला थेट मेल टाकला.

तासाभरात रणजीतला कळलं.

"मला न विचारता क्लायंटला मेल? उत्तर तरी आलं?"

"नाही."

"येणारही नाही. रविवारी ऑफिसला ये. समोरासमोर बघू कोण खरं."

रविवारी ऑफिसात तिघंच होती. सोनम, रणजीत आणि टीममधली मनस्वी. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर रुग्णालयातली दिलेल्या औषधांची यादी उघडली होती. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजले, तेव्हा तिथं पहिल्यांदा रात्रीचा दीड वाजला. यादी भराभर भरली. एकेचाळीस पेशंट, एकेचाळीस इंजेक्शनं.

साडेअकराला तिथलं घड्याळ मागे गेलं. बाराच्या ठोक्याला दुसऱ्यांदा दीड वाजला.

काहीच झालं नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. यादी एकेचाळीसवरच थांबली होती.

रणजीतनं टेबलावर थाप मारली. "बघ! एक पण डबल नाही. आता माफीचा मेल लिहायचा. आत्ता, माझ्यासमोर."



सोनमनं कीबोर्ड जवळ ओढला. बाबांना काय सांगायचं, ते सुचत नव्हतं. पण दोन दिवस छातीवर बसलेलं ओझं मात्र उतरलं होतं. चुकले तर चुकले, ती माणसं तर ठीक आहेत. तिनं टाइप करायला घेतलं.

दुसऱ्या ओळीवर असताना मीटिंगच्या टेबलावरचा फोन वाजला. ओहायोहून मुख्य नर्स कॅरल बोलत होती. रणजीतनं ऐटीत स्पीकर लावला.

"मॅडम, सॉरी. आमच्या नव्या मुलीनं तुम्हाला उगाच घाबरवलं. मी यादीच बघतोय, एकही इंजेक्शन दोनदा गेलेलं नाही."

"यादीत आम्ही दिलेली इंजेक्शनं दिसतात," कॅरल म्हणाली. "सोनम आहे का तिथं? तिला सांगा, दुसऱ्यांदा दीड वाजला तेव्हा यंत्रानं पुन्हा त्याच एकेचाळीस जणांची नावं दाखवली, आणि तिचा मेल हातात घेऊन उभ्या असलेल्या माझ्या नर्सनी एकालाही सुई टोचली नाही."