अंगात न येता

"सिस्टर, इथं उदबत्ती लावू का?" विरोतनं विचारलं. "देव आला की हात थरथरत नाही माझा."

इन्सुलिनची सुई त्याच्या हातात होती. नखाएवढीही नव्हती ती. समोर इस्पितळाच्या खाटेवर त्याची सात वर्षांची मुलगी, मुक, सदरा वर धरून बसली होती.

फुकेतमध्ये विरोतला कोण ओळखत नाही? दरवर्षी शाकाहाराच्या उत्सवात त्याच्या अंगात येतं. मग गालातून हातभर सळई आरपार घालून तो अनवाणी मिरवणुकीत चालतो, आणि म्हाताऱ्या बायका त्याला हात जोडतात. तोच पठ्ठ्या आज तासभर नुसता घाम पुसत होता. मुकला मधुमेह निघून आठवडा झाला होता. तिच्या आईला सुई द्यायला एका दिवसात जमलं, पण ती हॉटेलात संध्याकाळच्या पाळीला. रात्रीची सुई बापालाच द्यावी लागणार होती. सुई देणं त्याला जमेपर्यंत ओरथाई सिस्टर मुलीला घरी सोडायला तयार नव्हती.

"दादा, देव वर्षातून एकदा येतो," ओरथाई म्हणाली. "ही सुई रोज चार वेळा आहे, जन्मभर. मला शुद्धीवर असलेला बाप पाहिजे."

"शुद्धीवर नाही हो जमत." त्याला लाज वाटली, पण खोटं तरी कसं बोलणार? "सळई घुसते तेव्हा मी तिथं नसतोच. दुखतं ते देवाला."

मुक कान देऊन ऐकत होती. शेजारी तिची पेज निवत चालली होती, आणि सुईआधी खायचं नव्हतं.

"टोच ना बाबा. भूक लागलीय."

तिनं स्वतःच पोटाची चिमूट धरली आणि त्याच्यापुढे केली. विरोतनं श्वास रोखला आणि टोचलं. दट्ट्या दाबून दहापर्यंत मोजलं. मुक त्याच्या तोंडाकडेच बघत होती. तिची पापणीसुद्धा लवली नाही. आपल्या घरात हे कोण जन्माला आलंय, या विचारानं तो पार दिपून गेला. देवापुढेही त्याचा ऊर कधी असा भरून आला नव्हता.

"तुला दुखत नाही का गं?" त्यानं हळूच विचारलं.

"दुखतं की." मुकनं पेजेची वाटी ओढून घेतली. "मी इथंच असते ना, बाबा."