बँड सोडताना

टोंगा बेटांवरच्या आमच्या गावच्या चर्च बँडमध्ये मी सगळ्यात मोठा भोंगा वाजवायचो, पण जीव सगळा रेगे संगीताच्या ठेक्यात. शेवटी एका रविवारी जेवणं झाल्यावर धीर करून बँडमास्तर सेमिसीकाकांना सांगून टाकलं, "काका, मी बँड सोडतोय. ही स्तोत्रं माझ्याच्यानं होत नाहीत."

"तरीच प्रार्थनेत तुझा भोंगा कंबर हलवत असतो," उरलेलं रताळं तोंडात टाकत काका म्हणाले. "जा बाबा. पण आपल्याकडे साधा पाहुणासुद्धा बँड वाजल्याशिवाय जात नाही, तू तर घरचा. तुझ्या निरोपाला नवं गाणं बसवू."

मला भरून आलं.



त्या गाण्याची तालीम गेले आठ महिने चालू आहे, आणि मी भोंगा घेऊन पाच मिनिटं उशिरा पोचलो तरी काका ओरडतात.